कपाटाची किल्ली आणि हरवलेला हत्ती

ग्रंथालयाची बाजू मांडायची संधी मला एकदा आपणहून चालून आली होती, आणि मी ती अशी काही मांडली की ग्रंथालयच हातचं जायची वेळ आली.

ही गोष्ट सुरतेतली. कॉम्प्युटर नावाची वस्तू शाळाशाळांतून यायला लागली होती, त्या दिवसांतली. डिंडोलीच्या बाजूला आमची मराठी शाळा होती. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या कारीगरांची. बाप लूमच्या खात्यात, आई घरी साड्यांचे दोरे कापायला. (सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. बँकेतलं खातं वेगळं. ते आमच्यापैकी फार थोड्यांचं होतं.) मी खरं तर भूगोलाचा मास्तर. पण एका उन्हाळ्यात ग्रंथपालाचा एक लहानसा कोर्स करून आलो, आणि त्या पापाबद्दल संस्थेनं ग्रंथालयाच्या किल्ल्या माझ्या गळ्यात बांधल्या.

वरच्या मजल्यावरची ती खोली शाळेतली सगळ्यात चांगली. काचेची कपाटं, लांब टेबल आणि आवाज न करणारा एकमेव पंखा. या पंख्यामुळे संस्थेच्या सभा तिथेच व्हायच्या. असाच एकदा सभेच्या आधी अध्यक्ष लवकर येऊन बसले. त्यांना लहानथोर सगळे नाना म्हणत. कधीकाळी हातात बॉबीन घेऊन उभे राहिलेले, आता स्वतःची दोन-तीन खाती असलेले. कागदातला लोचो, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा सुरती वाफाळता लगदा, खात खात त्यांनी सहज विचारलं, "काय मास्तर, कसं काय चाललंय लायब्ररीचं?"

या प्रश्नाची मी कित्येक वर्षं वाट पाहत होतो. मी उठून उभा राहिलो. छाती पुढे काढली, म्हणजे पोट थोडं आत घेतलं, आणि म्हणालो, "नाना, मी चार्ज घेतल्यापासून एक पुस्तक हरवलेलं नाही. फाटलेलं नाही. एका पानाचा कान दुमडलेला दाखवा, नोकरी सोडतो."

नुसतं म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुरावा म्हणून मी कपाट उघडलं आणि एक पुस्तक काढून त्यांच्यापुढे उघडलं. भाजलेला पापड मोडावा तसा कडाड आवाज झाला. ते पुस्तक आयुष्यात पहिल्यांदाच उघडलं जात होतं. पानं एकमेकांना चिकटलेली. डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की नानांनी लोचोचा कागद बाजूला सरकवला.

"मास्तर," ते म्हणाले, "मंग हाई लायब्ररी शे का तिजोरी?"

मी हसलो. मला ती शाबासकी वाटली! घरी जाऊन बायकोलाही मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "नाना म्हणाले, अगदी तिजोरीसारखी सांभाळलीय." बायको साडीचे लोंबते दोरे कापत बसली होती. तिनं कात्री थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला खरंच कौतुक वाटलं ते?"

मला त्याच सभेच्या शेवटी कळलं असायला हवं होतं. पण सभा संपेपर्यंत मी बाहेर चहाचं बघत होतो. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, बोलावून सांगितलं. नाना शाळेला कॉम्प्युटर देणार. त्यासाठी खोली हवी. वापरात नसलेली खोली एकच आहे, हे नानांना काल प्रत्यक्ष ग्रंथपालांकडूनच समजलं. दिवाळीच्या सुटीआधीच्या सभेत ठराव होईल. पुस्तकं खोक्यांत भरून जिन्याखाली ठेवायची. साड्यांची रिकामी खोकी पर्वत पाटियाच्या बाजारातून हवी तेवढी मिळतात.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्हाला पी.टी.चे तास देऊ. तब्येतीलाही बरं."

आता आयुष्यात मी धावलो असेन तर ते फक्त सुटलेल्या बसमागे, आणि तीही कधी मिळालेली नाही. तेव्हा खरं सांगायचं तर ग्रंथालय वाचवायची माझी पहिली तळमळ वाङ्मयीन नव्हती, शारीरिक होती.

पण माझीही थोडी बाजू ऐकून घ्या. आमच्याकडे पद्धतच तशी होती. वर्षाच्या शेवटी पुस्तकांची मोजणी व्हायची, आणि जे कमी भरेल ते ग्रंथपालाच्या पगारातून कापलं जायचं. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी निवृत्त होताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक मंत्रही दिला होता: "पुस्तक देणं म्हणजे जामीन राहणं. घरच्यांनासुद्धा देऊ नये." मी तो इतका पाळला की लग्नानंतर बायकोनं एकदा "दुपारी वाचायला एखादं आणत जा ना" म्हटलं, तेव्हा मी तिला नियम ऐकवला होता. शाळेची वस्तू मी घरी आणत नाही, असंही वर म्हणालो होतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गाला ग्रंथालयाचा तास असायचा. त्यात मुलं रांगेनं येत, हाताची घडी घालून बसत आणि मिठाईच्या दुकानात बघावं तसं काचेतून आत बघत. मी शांततेचं महत्त्व सांगत असे. शांतता मात्र खरोखर चांगली राहायची.

तर मी ग्रंथालय वाचवायला निघालो. आधी भाषण लिहिलं. त्यात 'ज्ञानगंगा' होती, 'संस्कारांची शिदोरी' होती, अंधारातल्या दीपाची तर गर्दीच झाली होती. बायकोला वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता चार साड्यांचे दोरे कापून मोकळी झाली आणि म्हणाली, "छान आहे. नानांना झोपेचा त्रास असेल तर जाईल."

मग मी जिन्यात मोठ्या अक्षरांत 'ग्रंथ हेच गुरू' असा फलक लावला. दुपारपर्यंत त्याखाली कुणीतरी खडूनं लिहिलं, 'गुरू कपाटात. किल्ली सरांकडे.' अक्षरावरून मुलगी असावी. मला राग यायला हवा होता, पण शुद्धलेखन निर्दोष होतं.

त्या संध्याकाळी मी हातपाय गाळून बसलो होतो. बायकोचं एक आहे. एरवी ती माझ्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलते. फार चिडली किंवा फार खूश झाली की तिच्या माहेरची अहिराणी वर येते. त्या दिवशी आली. "आते जिन्याखालेच जाणार शेत ना ती पुस्तकं? मंग पोरेसले दी टाका! हरपनी तं हरपनी!"

मला हे पटायला रात्र गेली. पण हिशोब सरळ होता. जिन्याखाली वाळवी खाणार, त्यापेक्षा मुलांनी फाडलेली काय वाईट? मोजणीत निदान फाटकं पुस्तक तरी दाखवता येईल.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या तासाला मी कपाट उघडलं आणि म्हणालो, "हवं ते घ्या. घरी न्या. शनिवारी बदलायला आणा." कुणी उठेना. त्यांना वाटलं, सर परीक्षा घेताहेत. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी आली आणि तिनं हरवलेल्या हत्तीच्या गोष्टीचं पुस्तक उचललं. जाडजूड होतं, मुखपृष्ठावर रिकामी साखळी. मी तिला हात धुवायला पाठवलं, पुसायला लावलं, पुन्हा हात बघितले. तिनं पुस्तकाचं एक टोक धरलं आणि म्हणाली, "सर, आता तुम्ही सोडा ना."

शनिवारी पुस्तकं परत आली. सगळी नाही, पण बरीच. आणि मी बसलो ती तपासायला, कुठे काय डाग पडला ते बघत. डाग होते. हळदीचं बोट, चहाचं वर्तुळ, तेलाचा अंगठा. पण माझं लक्ष वेधून घेतलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पुस्तकांत दोरे होते. खूण म्हणून पानांत घातलेले, सुताचे, पॉलिस्टरचे, चमकणारे. सुरतेत मुलांच्या दप्तरात, केसांत, पोळीच्या डब्यातसुद्धा दोरा सापडतो, त्यात नवल नाही. नवल हे होतं की एकेका पुस्तकात दोन-दोन, तीन-तीन दोरे होते. हत्तीच्या पुस्तकात एक पिवळा, एक निळा, एक जरीचा आणि शिवाय शाळेच्या रिबिनीचा एक तुकडा. चारही वेगवेगळ्या पानांत.

एक वाचणारा चार ठिकाणी खुणा कशाला करेल?

एकदा हा प्रश्न डोक्यात शिरला तो शिरलाच. भूगोल शिकवताना गोदावरीच्या काठावर मला पिवळा दोरा दिसायला लागला. त्या मुलीनं पुस्तक अजून एक आठवडा मागितलं होतं. मी विचारलं, "हे दोरे तुझेच का गं?"

"रिबीन माझी," ती म्हणाली. "पिवळा काकाचा. निळा पप्पांचा. जरीचा मम्मीचा." आणि मला मंद विद्यार्थ्याला समजावावं तसं पुढे म्हणाली, "दोरे हलवायचे नसतात, सर. भांडणं होतात."

मला राहवेना. सुटीच्या दिवशी हजेरीचं काहीतरी निमित्त काढून मी तिच्या घरी गेलो. एकच खोली. बाप दिवसपाळीला, काका रातपाळीला, त्यामुळे खाट एकच पुरायची. एक उठला की दुसरा झोपायचा. त्या दिवशी मात्र सुटीमुळे दोघंही जागे होते आणि खाटेवर कोण बसणार यावरून वाद चालला होता. आई भिंतीशी साड्यांच्या ढिगात बसलेली. मला पाहून सगळे उभे राहिले, आणि मला खाट मिळाली.

त्यांच्याकडून जे कळलं ते असं. पुस्तकही खाटेसारखंच पाळीनं चालायचं. बाप संध्याकाळी येऊन दोन-चार पानं वाचायचा आणि झोपून जायचा. काका सकाळी येऊन त्याच्या पुढे निघून जायचा आणि मग, पाळी बदलताना दारात भावाला गाठून, पुढे काय होतं ते सांगायची धमकी द्यायचा. भांडणं याचीच. आणि आई?

"मले वाचता येत नई," ती दोरा कापता कापता म्हणाली. "हाई पोरगी वाचस, मी आयकस. पन मन्हाकरता थांबस नई ना! पुढे पुढे वाची जास एकली. म्हनीसन मी दोरा लाई ठेवस. म्हटलं, आठलोंग मन्हं व्हयेल शे. आठेनच धर." म्हणजे, इथपर्यंत माझं झालंय, इथूनच पुढे वाच.

काका मला सोडायला जिन्यापर्यंत आला. तिथं त्यानं आवाज खाली आणला. "सर, हत्ती सापडस ना? सांगू नका. फक्त मुंडी हालावा."

मी मुंडी हलवली नाही. हलवणार कशी? मी कुठे ते पुस्तक वाचलं होतं! इतकी वर्षं त्या हत्तीला मीच डांबराच्या गोळ्या घालत होतो, आणि तो सापडतो की नाही याचा मला पत्ता नव्हता. गंभीर चेहरा करून म्हणालो, "वाचा, वाचा." त्याला वाटलं, सर किती शिस्तीचे आहेत.

त्यानंतर मला नादच लागला. दर शनिवारी पुस्तकं आली की मी आधी दोरे बघायचो. हिरवा कोणाचा? हा जाड सुताचा, हा आजीचा असेल का? एका पुस्तकात टिकल्या चिकटवायच्या कामातली टिकली खूण म्हणून लावलेली. मुलं आता न विचारताच सांगायची. शनिवारी दुपारी मुलांऐवजी आयाच यायला लागल्या, कधी एखादा बाप ड्युटीवर जाता जाता. खोलीतली शांतता पार बिघडली. आणि मला गंमत वाटायची, की मी मुलांना पुस्तक दिलं नव्हतंच. अख्ख्या घराला दिलं होतं. फक्त हत्तीचं पुस्तक मला काही मिळत नव्हतं. त्या घरातून सुटलं की दुसरं कुणी टपलेलं असायचं, मग पुन्हा त्या घराचा नंबर. नियम मीच केला होता, ज्याचा नंबर त्याला पुस्तक. ग्रंथपालाला सवलत नव्हती.

अशात ठरावाची सभा आली. मी भाषण नव्यानं लिहिलं, त्यातले दीप कमी केले. सभा शनिवारी दुपारी ठेवली होती. शनिवारी दुपारी पुस्तकं बदलायला लोक येतात, हे मी कोणालाही सांगायला विसरलो, कारण ते माझ्याच लक्षात आलं नाही.

नाना मधल्या खुर्चीवर, मोठे सर बाजूला, संस्थेची इतर मंडळी भोवती. माझं "आदरणीय अध्यक्ष महोदय" होतंय न होतंय तोच दार लोटून त्या मुलीचा काका आत आला. हातात हत्तीचं पुस्तक.

"सर, हाई ठेवा, दुसऱ्या आठोडाले परत मलेच लागी," असं म्हणत तो टेबलापर्यंत आला आणि समोर नानांना बघून गारच पडला. तो नानांच्याच खात्यात कामाला होता. हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

नानांनी पुस्तक ओढून घेतलं. उघडलं. यावेळी पापड मोडला नाही. पुस्तक गुपचूप, घडी पडलेल्या साडीसारखं उलगडलं. नानांनी पिवळा दोरा उचलला, बोटांत चोळला, उजेडात धरला.

"हाऊ तं मन्हा लूमना दोरा."

मी ग्रंथालय वाचवायला निघालो होतो आणि दोराचोरीपायी एका माणसाची नोकरी घालवून बसणार होतो. आवरून काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर भाषणातली ज्ञानगंगाच तेवढी आठवली.

पण काका वेगळ्याच कारणानं हादरला होता. तो दोऱ्याकडे बघत नव्हता, पुस्तकाकडे बघत होता. आणि मालक, सभा, अध्यक्ष सगळं विसरून तो ओरडला, "नाना! मन्हं पान गयं ना! आते मी कथाईन वाचू?"

नाना चपापले. हातातला दोरा बघितला, पुस्तक बघितलं. चूक त्यांची होती, आणि ती त्यांना कळली. कुणाच्या चालू लूमवरचा ताणा तोडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"कोनतं पान व्हतं?"

"नंबर कोन देखस? माहूत नदीवर जास ना, तठे."

"कोनती नदी?"

"आहो, ती वाळूमा पाय उमटेल ऱ्हातंस ती!"

नानांनी चष्मा लावला आणि पान शोधायला सुरुवात केली. माहूत सापडला, पण तो बाजारात होता. नाना बोट फिरवत पुटपुटत वाचू लागले. काका टेबलावर वाकून "हाई व्हई गयं, पुढे, पुढे," म्हणत होता. मोठ्या सरांनी एकदा "नाना, ठराव…" म्हटलं. नानांनी डावा हात वर केला. नदी आली. वाळूत पावलं आली. नानांनी तिथं दोरा घातला, नीट सरळ केला, आणि मग बोट दोऱ्यावर ठेवूनच पुढचं पान उलटलं. त्यांच्यामागे उभी राहून संस्थेची मंडळीही वाचायला लागली. पंखा खरंच आवाज करत नव्हता.

दारात तोवर दोन-तीन बाया पिशव्या घेऊन येऊन थांबल्या होत्या. "आज बंद शे का?" त्यातल्या एकीनं विचारलं.

नानांनी मान वर केली. त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मास्तर, हत्ती सापडस का नई?"

आता सांगायला पाहिजे होतं की वाचनानं माणूस घडतो, वगैरे. पण मी खरं ते बोलून गेलो. "मला माहीत नाही, नाना. पुस्तक अजून माझ्यापर्यंत आलेलंच नाही. कपाटात टिकतच नाही ते."

नाना हसायला लागले. त्यांचं पोट हलत होतं आणि पुस्तक अजून हातातच. "तिजोरी फुटली म्हनजे!"

ठराव झाला, पण वेगळा. कॉम्प्युटर मोठ्या सरांच्या खोलीत बसवायचे ठरले आणि मोठ्या सरांना स्टाफरूममध्ये. माझ्या पी.टी.चं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही; नंतर पुष्कळ दिवस माझं नावच काढलं नाही. हरवलेल्या पुस्तकांचे पैसे ग्रंथपालाच्या पगारातून कापायचे नाहीत, हेही नानांनी त्यातच घातलं. "कापड विनतांना दोरा तुटसच," एवढंच कारण दिलं. काका ड्युटीवर गेला. आणि जाताना नाना हत्तीचं पुस्तक खिशात मावत नाही म्हणून काखेत मारून घेऊन गेले. मी नंबराचा नियम सांगितला, तर म्हणाले, "नंबर लाव मन्हा. आठेनच सुरू कर."

घरी येताना मी उड्या मारायचाच बाकी होतो. बायकोला सगळं सांगितलं. थोडं वाढवून सांगितलं. भाषण अर्धं राहिलं हे सांगितलं नाही. ग्रंथालय वाचलं, कपाटं उघडी राहणार, घराघरात पुस्तकं जाणार, एकेका पुस्तकात चार-चार माणसं राहतात, हे मला कसं दोऱ्यांवरून कळलं, हे मी हातवारे करून सांगत होतो. ती साडी मांडीवर घेऊन ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं पदराशी लोंबणारा एक लाल दोरा दातांनी तोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"नानांचं झालं की नंबर माझा," ती म्हणाली. "हाऊ मन्हा दोरा. पहिला पानमा ठेवा."